ठिपक्यांचा मासा

नंदिनीनं राजदीपशी परस्पर लग्न केलं, तेव्हापासून तिचे बाबा, गुणवंतराव, दोघांशीही बोलत नव्हते. पण सासऱ्या-जावयाला गळ टाकायचा सारखाच नाद. दर रविवारी घुग्घुसजवळ वर्धेच्या काठावर दोघं दहा हातांवर बसायचे, तोंडं फिरवून.

त्या रविवारी राजदीपची दोरी ताणली. ओढून पाहतो तर अंगभर बिबट्यासारखे ठिपके, पाठ पत्र्यासारखी टणक आणि तोंड पार खालच्या बाजूला! असला मासा त्यानं या नदीत कधी पाहिला नव्हता. तो हातात धरायला वाकला, तोच गुणवंतराव आपला गळ तसाच सोडून धावत आले.

"जवाईबापू, हात नोका लावू! काटा मारंल तो!"

मग दोघं तासभर माशाजवळ उकिडवे बसले.

"मामाजी, हा तर काचेच्या पेटीत पाळतात तो मासा. इथी कसा आला?"

"चाळीस वर्षांत असा नाई पाह्यला म्या," म्हणत गुणवंतरावांनी डब्यातली अर्धी भाकर जावयापुढे सरकवली.

मासा गल्लीत दाखवायला तेच घेऊन गेले. राजदीप रिकाम्या पिशवीनं घरी आला. नंदिनीनं दारातच विचारलं, "आज काई लागलं का गळाले?"



"तुये बाबा."