अर्थिंगले पाणी

"शकुन, नळ चावला वं मले!"

लीलाबाई अंगणातून ओसरीत आल्या त्या हेच म्हणत. बादली तिकडेच पडून राहिली होती. शकुनने आधी मनावर घेतलं नाही. सासूला रोज काही ना काही चावतच असायचं, कधी चप्पल, कधी सून. पण आज त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता.

"चावला म्हंजे?"

"झिणझिण्या गेल्या ना पार खांद्यापर्यंत. पायात रबरी चप्पल होती, नाई तं आज काई खरं नव्हतं माय."

लक्ष्मीपूजनाची सांज होती. पाट मांडून झाला होता, समई लागली होती. शकुनच्या मांडीवर मळ्यातल्या झेंडूचा अर्धा ओवलेला हार होता. वर टिनाच्या छपरावर तिचा नवरा योगेश दिव्यांच्या माळा नीट करत बसला होता.

योगेशची बिल वाचवायची हिकमत साऱ्या गावाला ठाऊक होती. माळांची एक तार बोर्डात घालायची आणि दुसरी अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळायची. म्हणजे करंट परत न येता जमिनीत जातो आणि मीटर फिरत नाही, असं त्याचं शास्त्र. मीटर खरंच थांबतं का, हे पठ्ठ्याने कधी उठून पाहिलं नव्हतं. बरं, त्या एवढ्याशा माळा! पाच दिवस जळल्या तरी घरच्या एका वेळच्या चहाइतका खर्च नाही. पण फुकटची हौस दांडगी. मागच्या दिवाळीत निभावलं, तेव्हापासून तर तो चावडीवर लोकांना शिकवायला लागला होता.

यंदा मात्र माळा मिणमिणत होत्या.

"काहून मंद जळून राहिल्या ह्या?" योगेश वरून ओरडला. "प्रतीक्षा! नळ सोड बरं बेटा, बुडाशी पाणी जाऊ दे. अर्थिंगले पाणी पाज, मंग पाहाय कशा चमकते!"

"आली बाबा!"

नऊ वर्षांची प्रतीक्षा घरातून सुटली ती थेट अंगणात. अंगावर नवा घागरा, पाय अनवाणी. सडा टाकून अंगण ओलंचिंब होतं.

आणि शकुनला एकदम आठवलं. वैशाखात तो पाइप बुडाशी सडला होता. योगेशनेच तो कापून मधे प्लास्टिकचा तुकडा बसवला होता. वरचा भाग धरून ठेवायला ती स्वतः बसली होती. म्हणजे नळाचं लोखंड आता जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. जमिनीत जायचा तो करंट नळातच अडून बसला होता. सासूला चावलं होतं ते हेच.

तिने हाक मारली. म्हणजे मारायला गेली. घशातून नुसती हवा निघाली. हार मांडीवरून घसरला. पोरगी नळाजवळ पोचतच आली होती, धावून ती हाती लागणार नव्हती. मेन स्विच मात्र इथेच होता, पाठीमागच्या भिंतीवर. पण आज? लक्ष्मी यायच्या वेळेला घर अंधारात घालायचं? अशा घराच्या दारातून ती परत जाते, हे शकुनने आईच्या तोंडून ऐकलं होतं, सासूच्या तोंडून ऐकलं होतं, स्वतः पोरीला सांगितलं होतं.

तिने खटका खाली ओढला.

समईच्या ज्योतीपलीकडे घर, टिन, अंगण, सगळं एकदम काळं झालं. अंगणातून काही आवाज येईना. शकुनने कान अंगणाकडे लावले.

"आई, नळ कुठी हाये? दिसून नाई राहिला मले."

शकुन धावली. पोरीला उचलून तिने छातीशी असं आवळलं की प्रतीक्षा कळवळली.

योगेश शिडीवरून धडाधड उतरला. "कोनं केलं बंद? लक्ष्मीच्या टायमाले अंधार? डोकं फिरलं का तुहं?"

"नळात करंट हाये."

"काई करंट-बिरंट नाई. मायचा वात हाये तो. लाव मेन!"

लीलाबाई पणती घेऊन आल्या. एरवी मुलाची बाजू घेणारी बाई आज सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"लावतो ना जी," शकुन म्हणाली. "पयले तुमी नळ धरा. धरून ठेवा, मंग लावतो."

"हे पाहाय, धरला!" योगेश हसला. पँटीला हात पुसून त्याने तो पुढे केला. पणतीच्या उजेडात नळाच्या बुडाशी प्लास्टिकचा पांढरा तुकडा दिसत होता. हात नळापासून वीतभर अलीकडे थांबला. प्रतीक्षा बापाच्या हाताकडे पाहत होती.

मग योगेश तार सोडवायला खाली बसला. मेन बंद होता, घरात एक बल्ब जळत नव्हता. तरी त्याने हात मागे घेतला.

"शकुन," तो हळूच म्हणाला, "पऱ्हाटीची एखादी वाळली काडी दे बरं. तिनंच काढतो."