सोमवारची निवड

विजयमालानं सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. चहाचं काही विचारलं नाही. तेव्हाच चारुशीलाला वाटलं, काम सोपं जाणार नाही.

खो-खो क्लबचे अध्यक्ष आप्पासो भिंतीला टेकून बसले. सांगलीहून येताना गाडीत त्यांनी दोनदा बजावलं होतं, "बोलायचं तुमी. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतंय." चारुशीलाची ओवी त्याच क्लबात खेळायची. बारा वर्षांची, पण पळायला लागली की मोठ्या मुलींना सापडत नसे. सोमवारी राज्य संघाची निवड चाचणी होती.

विजयमालाची मुलगी सृष्टीही पलूसपलीकडच्या या गावातून एसटीनं त्याच क्लबात यायची. आठ दिवसांपूर्वी विजयमालानं क्लबला अर्ज दिला होता. पाय चोळायच्या निमित्तानं प्रशिक्षक सर एकेकीला सामानाच्या खोलीत बोलावतात आणि दार लावून घेतात, असं त्यात लिहिलं होतं. त्याखाली, सृष्टीनं सांगितलेली आणखी एक ओळ होती. ती वाचून चारुशीलानं कागद उलटा ठेवला होता.

"विजयमालाताई, तुमचं दुःख मला कळतं," ती म्हणाली. "पण दुसरी एकही मुलगी पुढं आलेली नाही. मी माझ्या ओवीलाही विचारलं."

विचारलं होतं खरं. पोळ्या लाटता लाटता. तुला तर काही त्रास नाही ना, असं. ओवी नाही म्हणाली होती.

"म्हंजी माझी पोरगी खोटं बोलतीय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणताय?"

आप्पासो पुढं सरकले.

"आवं वयनी, चौकशी लागली की क्लबला कुलूप. अठ्ठावीस पोरी हायत्या, त्यांनी कुठं जायाचं? आन् पेपरात नाव झाकून आलं, तरी गाव वळखायचं ऱ्हातंय व्हय? सृष्टीचं पुढं बघायला नगं?" मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "हवालदारास्नी कळवलंय का?"

विजयमालाचा नवरा फौजेत हवालदार, पठाणकोटला होता. तिनं नकारार्थी मान हलवली.

"त्यास्नी कळलं तर सुट्टी काढून येतील आन् त्याला तोडतील. मग आमी दोघींनी काय करायचं?"

"तेच म्हणतोय मी," आप्पासो म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. अर्ज गैरसमजातून दिला होता, आमची कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. मजकूर चारुशीलाच्या अक्षरात होता. आप्पासोंनीच सांगितलं होतं, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून.

विजयमालानं कागदाला हात लावला नाही.

आतून सृष्टी आली. चौदा वर्षांची पोर. अंगावर शाळेचाच ड्रेस होता. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं नाही.

"दे करून सही, आई," ती म्हणाली. "मला आता परत कुणाला सांगायचं न्हाई."

विजयमाला तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं कागद भिंतीला लावून उभ्या उभ्या सही केली. खाली साक्षीदार म्हणून चारुशीलानं केली.

आप्पासो गाडी वळवायला गेले. चारुशीला उंबऱ्याबाहेर चपला घालत होती, तेवढ्यात सृष्टी मागं येऊन उभी राहिली.

"काकू, ओवीचा पाय बांधलाय का?"

"हो. मंगळवारी सरावात मुरगळला. सरच रोज बांधून देतात. तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई," सृष्टी म्हणाली. "माझाबी आदी पाय बांधला हुता." आणि ती आत निघून गेली.

परतताना आप्पासो मोकळेपणानं बोलत होते. मुलींना नवे ट्रॅकसूट शिवायला टाकलेत, सर लय राबतात, ओवीची निवड पक्की समजा. कागदाची घडी त्यांच्या शर्टाच्या खिशातून थोडी वर आली होती. तो मला परत द्या, असं म्हणावं म्हणून चारुशीलानं पलूसच्या अलीकडं तोंड उघडलं, पलूस सोडल्यावर पुन्हा उघडलं. घडी खिशातच राहिली. तासाभरात घर आलं. उतरताना तिनं आप्पासोंना नमस्कारही केला.

ओवी कॉटवर पाय लांब करून गणितं सोडवत होती. चारुशीला पर्ससकट तिच्या पायाशी बसली आणि बँडेजची पिन काढू लागली.

"नको ना, आई. सर म्हणालेत, सोडायचं नाही."

चारुशीलानं ऐकलं नाही. एकेक वेढा सुटत गेला. आतला घोटा बारीक, कोरडा, दुसऱ्या पायासारखाच होता. सूज नव्हती, काळंनिळं नव्हतं. पट्टीचे वळ तेवढे उमटले होते. तिनं अंगठ्यानं दाबलं.

"इथं दुखतं?"

"नाही."

"मग इथं?"

ओवीनं वही मिटली नाही. पेन्सिल मात्र थांबली.

"खरं सांग, बाळा. कुठं दुखतं?"

"कुठंच नाही," ओवी म्हणाली. "मला दुखतच नव्हतं, आई. सर म्हणाले, पाय मुरगळलाय म्हणून घरी सांग."