देवाला विचारून

“दाजी, उजवीच पडायला हवी हां. डावी पडली तर माझी वाट लागेल.”

दुकानाच्या मागच्या बाजूला, सुकटीच्या डब्यांआड उभी राहून नमिता फोनवर कुजबुजत होती. पुढे गल्ल्यावर सासरे बसले होते. गुणाजींचे कान भलते तिखट. मोठ्याने बोललेलं एक वेळ सुटेल, पण कुजबुज बरोब्बर पकडायचे.

“डावी कशी पडात?” पलीकडून गावच्या देवळाचे गुरव, दाजी, हसले. “उजवी पाकळी हलकी लावतंय, डावी घट्ट. तू निर्धास्त रव. पण माझ्या झिलाच्या होमस्टेचा रील तेवढा कर गो बाय.”

“तुमच्या मुलाच्या होमस्टेचा ना? एक सोडून दोन करते.”

देवाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गुणाजींच्या घरात सोयरिकीपासून फ्रिजच्या खरेदीपर्यंत सगळं या कौलावर ठरायचं. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या वडिलांनी मुलुंडात हे कोकणी मालाचं दुकान टाकलं, तेही कौल लावूनच.

आणि इथेच नमिताचं घोडं अडलं होतं.

दुकान डोळ्यांदेखत मरत होतं. लोक कोकमसुद्धा मोबाईलवरून मागवत होते. हे दुकान उभं करायचंच म्हणून नमिताने चांगली नोकरी सोडली होती. तिने गुपचूप कुळथाच्या पिठीचा एक रील टाकला, तर अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतची माणसं विचारू लागली, दुकान नेमकं कुठे आहे हो? तिला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी ते गुणाजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी समोर बसवून तो पुसायला लावला.

“दुकानाचो तमाशो नको. मालाक नजर लागता.”

नवरा प्रज्योत म्हणायचा, “तू बाबांना पटव, मी आहे ना पाठीशी!” पाठीशी म्हणजे इतका पाठीशी, की पुढून कधी दिसायचाच नाही.

शेवटी तीच वैतागून म्हणाली, “मग देवालाच विचारा ना, बाबा!”

वाटलं होतं, म्हातारा भडकेल. पण गुणाजींनी हिशेबाची वही मिटून बाजूला ठेवली.

“इचारतंय,” ते म्हणाले. “पण देव सांगात ता सगळ्यांनी ऐकाचा. मागना रडारड नको.”

“कबूल. आणि उजवा कौल आला तर तुम्हीही फिरायचं नाही.”

“देवाच्या शब्दाक मी कधी फिरलंय काय गो?”

नमिता मनातून नाचली. हल्ली ते तसेही मऊ झाले होते. यंदाच्या कोकमाच्या आगळाची ऑर्डरही त्यांनी दिली नव्हती. गावच्या विहिरीचा पंप मात्र माणूस लावून दुरुस्त करून घेतला. बाजूच्या मोबाईलवाल्याशी पूर्वी छत्तीसचा आकडा होता, आता त्याच्याकडे बसून चहा प्यायचे. थकलेत बिचारे, तिला वाटलं. थकलेला माणूस लवकर ऐकतो. तरी देवाच्या भरवशावर कोण राहतं! तिने दाजींना फोन लावला तो त्यासाठीच.

रविवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढून तिघं आत बसली. मसाल्याच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनवर गावचं देऊळ दिसत होतं. दुसऱ्या फोनवर तिने दुकानाचं पेज तयार ठेवलं होतं: नाव, फोटो, पहिला रील. फक्त बोट लावायचं बाकी होतं. चोरी पकडली गेली तर? गुणाजी तिला परत दुकानात पाय ठेवू देणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दाजींनी पाकळ्या लावल्या. उजवी लावताना त्यांचा हात जरा जास्तच भरकन मागे आला. नमिताने गुणाजींकडे चोरून पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“बा देवा महाराजा,” दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, “ह्या तुझा लेकरू गुणाजी मुंबैसून तुका साद घालता...”

“होय महाराजा,” देवळात मागे उभे असलेले मानकरी म्हणाले.

“त्याच्या मनात काय हा ता ऐकान घे आणि योग्य तो कौल दी.”

“होय महाराजा!”

“हां, गुणाजी. इचार आता.”

गुणाजींनी हात जोडले. फोनच्या पडद्यापुढे वाकून कपाळ टेकवलं. ही काय, आता परवानगी मिळतेय! नमिताला एकदम त्यांची मायाच आली.

“बा देवा,” गुणाजी म्हणाले, “बापाशीन टाकलेला ह्या दुकान माझ्यान आता ओढवणा नाय. पोरा माझ्या पायी हयसर अडकली हत. बाजूच्या मोबाईलवाल्याक ता देवन टाकतंय आणि गावाक येवन रवतंय. तुझी मर्जी आसात तर उजवी दी, महाराजा.”

“होय महाराजा,” मान खाली घालून बसलेला प्रज्योत सवयीने बोलून गेला.

नमिताला काही क्षण कळलंच नाही. मग उमगलं, बाबा रीलचं नाही, दुकान देऊन टाकायचंच विचारत होते. तिने तोंड उघडलं, पण बोलणार काय? थांबा, हा कौल मी आधीच ठरवून ठेवलाय?

पडद्यावर दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांचा हात मूर्तीकडे अर्धा उचलला गेला आणि मागच्या मानकऱ्यांकडे पाहून तसाच खाली आला. लावलेल्या कौलाला हात लावायचा नसतो.

डावी पड गं बाई, डावी पड! नमिताने गावातले, मुंबईतले, माहेरचे, होते नव्हते तेवढे देव पाण्यात घातले.

दाजींनी काम चोख केलं होतं. उजवी पाकळी अलगद सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.