कन्यादानाची ओळ

"आधी मोठी कामं लिही, बारीकसारीक मग बघू," पद्माकर खाटेवरून म्हणाला. लेकीचं लग्न कालच ठरलं होतं, मुहूर्त दिवाळीनंतरचा, थेट वैशाखातला निघाला होता, आणि आजारपणानं पार झिजला असला तरी यादीचा उत्साह त्यालाच होता. हॉल, आचारी, गुरुजी. त्याची बायको हेमलता वहीत उतरवून घेत होती.

"कन्यादानाला तू आणि मी. लिही की!"

तिनं दोघांची नावं पेनानं ठसठशीत लिहिली. तो दिवाळी तरी बघेल की नाही याचीच शंका आहे, हे डॉक्टरांनी तिला एकटीलाच बाहेर बोलावून सांगितलं होतं. औषधानं त्याचा डोळा लागला, तेव्हा तिनं त्याच ओळीखाली पेन्सिलीनं, अगदी फिकट, आपल्या भावाचं आणि वहिनीचं नाव लिहून ठेवलं. तो गेल्यावर तिला एकटीला त्या पाटावर कोण बसू देणार होतं?

जाग आल्यावर त्यानं चष्मा मागितला, मग वही. तिनं दोन्ही त्याच्या हाती दिलं.

कन्यादानाच्या ओळीवर येऊन त्याचं बोट थांबलं. मग पेन घेऊन त्यानं पेन्सिलीची दोन्ही नावं हळूहळू गिरवून पक्की केली आणि वरचं स्वतःचं नाव एका रेघेत खोडलं. तिच्या नावाशी मात्र हात अडला.

त्यानं पेन तिच्यापुढं धरलं.

"तुझं तू खोड. माझ्याच्यानं होत नाही."