लख्ख

संगणकाने तिसऱ्यांदा घरघर केली आणि सीडी बाहेर ढकलून दिली.

"परत एकदा घाला, वासूअण्णा," फुला म्हणाली.

वासूचं दुकान रामनगरच्या बसस्टँडसमोर. पुढे एसटीडीचा फोन, मागे फळीच्या आडोशाला अख्ख्या बाजारातला एकुलता एक संगणक. पलीकडे विजेसाठी बांधलेलं सुप्याचं एवढं मोठं धरण, पण त्या वर्षी रामनगरात वीज दुपारी एकला यायची आणि चारला जायची. घड्याळात सव्वातीन झाले होते. वासूने सीडी शर्टाच्या टोकाला पुसली, फुंकर मारली आणि पुन्हा आत सरकवली.

फुलाची वही उघडी होती. पेनाचं टोपण काढलेलं होतं. अर्थशास्त्राचे अकरा धडे, त्यातले तीन तिने मागच्या तीन रविवारी इथेच बसून उतरवून घेतले होते. उरले आठ, आणि पेपर शुक्रवारी. आजपासून रोज यायचं, दिवसाला दोन उतरवायचे, असं तिने ठरवलं होतं. एप्रिलमध्ये ती ह्याच एका विषयात नापास झाली होती. ह्या खेपेला निघालीस तर पुढचं वर्ष, नाहीतर गोव्याला काजूच्या कारखान्यात, असं बापाने सांगून ठेवलं होतं. बाप बोलेल तसं करणारा माणूस होता.

पुस्तक हातात असतं तर हे काहीच झालं नसतं. पण जूनमध्ये कॉलेजने सगळी पुस्तकं परत मागवली आणि समारंभ करून प्रत्येकाच्या हातात एकेक सीडी ठेवली. सहा पुस्तकं एका तबकडीत मावतात, मुलांनी आता ओझी कशाला वाहायची, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यात फुलाच्याही होत्या. घरी वीज आहे का, असं कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पुस्तकं रद्दीच्या टेम्पोत गेली. ह्या रस्त्यावरची कॉलेजात जाणारी ती एकटीच, दुसऱ्या कोणाची सीडी मागायची सोय नाही. आता दसऱ्याची सुट्टी लागलेली, कॉलेजला कुलूप, ते निघणार पेपरच्याच दिवशी.

सीडी पुन्हा बाहेर आली. ह्या वेळी वासू ती घेऊन दारापाशी गेला, उलटी केली, उजेडात तिरकी धरली. त्याचा चेहरा उतरला.

"फुला, ही कशानं घासलीस गं?"

"म्या? म्या हात न्हाई लावला. डबी आणली तशी तुमच्या हातात दिली."

"म्या घासलीया," पायरीवरून आवाज आला. फुलाची आई बायजा बाजार उरकून, पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसली होती. ह्या शिकलेल्यांच्या कामात आपल्यालाही काही सांगता येतंय, ह्याचंच तिला बरं वाटलं. "परवा खंडेनवमीला कोयता पुजला, नांगर पुजला, हिची थाळी बी मांडली. डबीत बंद ठिवून पूजा कशी पावंल? म्हणून भाईर काढली आन् चकचकीत बाजूला कुंकू लावलं. त्येलातलं कुंकू, सुटता सुटंना. मग चिंच नि राख घेतली, काथ्यानं घासली. समईवानी लख्ख झाली न्हवं?"

वासूने सीडी टेबलावर ठेवली. फुलाने ती उचलून पाहिली. काथ्याचे गोल गोल ओरखडे कडेपासून मधल्या भोकापर्यंत गेले होते. फार मन लावून घासली होती.

त्यात काय बिघडलं ते बायजाला कळेना. "दर साली पुस्तकास्नी कुंकू लावते म्या," ती म्हणाली. "कवा अक्षर पुसलं न्हाई."

"मावशी, मशीन त्या चकचकीत बाजूनंच वाचतंय."

"मग कितवं पान गेलं?"

"समदीच."

फुला उठली तशी खुर्ची मागे कलंडली. तिने वासूचा हात धरला. "बेळगावात मोठं मशीन असंल की. त्येला वाचता येईल. न्हाईतर खानापुरात?"

"मशीन कुठलं बी असू दे, फुला."

"आठ धडे हायत, अण्णा. पाच दिस हायत. म्या आता काय करू, तुम्ही सांगा." तिने हात सोडला नाही. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली आणि वासू, ज्याला अख्खा बाजार शहाणा समजायचा, तो मोकळ्या हाताने कलंडलेली खुर्ची सरळ करू लागला.

मग ती आईकडे वळली.

"आये, तू मला बुडवलीस."

बायजा उभी राहिली. पिशवी मांडीवरून घसरली, कांदे पायरीवरून खाली गेले, तिने ते वेचले नाहीत. लेकीचं आपल्या हातून काय गेलं ते तिला धड कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं गेलं एवढं कळलं होतं. त्यातलं थोडंतरी कुठे उरलंय का, ते ती मनातल्या मनात घरभर शोधत होती. आणि तिला आठवलं.

"घासल्यालं पानी म्या उकिरड्यावर न्हाई टाकलं, फुला," ती घाईघाईने म्हणाली. "विद्या हाय, पायदळी जायाची न्हाई. समदं तुळशीत वतलंय."