घरचा आवाज

“माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो!” बाबा म्हणाले, आणि रेकॉर्डिंगवाल्याच्या अंगावर काटा आला. बाही वर सारून त्याने तो तिला दाखवलासुद्धा.

बाबांना जाऊन महिना व्हायचा होता. माइकसमोर उभा होता तो नकलाकार. टक्कल पडत आलेला, गळ्याला मफलर, एक हात थेट बाबांसारखा हवेत. “मी कुठंही गेलेलो नाही! हे घर आपलं आहे! यात कोण राहणार, ते आपणच ठरवणार!” निवडणूक तोंडावर आली होती आणि पक्षाला प्रचारासाठी साहेब, म्हणजे बाबाच, हवे होते. पक्ष आता तिच्या भावाच्या हातात होता. सकाळी त्याचाच फोन आला होता, “तू एकदा ऐकून ये. घरच्या माणसाचा कान वेगळा असतो.”

“जमलंय,” ती म्हणाली.

खरोखरच जमलं होतं. श्वास कुठे तोडायचा, शेवटचा शब्द दाताखाली धरून कसा सोडायचा, सगळं. रेकॉर्डिंगवाला खूश झाला. भावाला कळवतो, येताना चहा घेऊन येतो, असं सांगून बाहेर पडला.

आता तिने उठायला हवं होतं. ती बसून राहिली.

“काही खटकलं का, ताई?” नकलाकाराने विचारलं. त्याचा स्वतःचा आवाज अगदीच बेताचा होता, बँकेच्या खिडकीमागून येतो तसा.

“नाही. भाषणं काय, हवी तेवढी आहेत आमच्याकडे. घरात कधी कुणी रेकॉर्ड केलं नाही.” तिने खुर्ची जरा पुढे ओढली. “घरचं काहीतरी बोलाल? त्यांच्या आवाजात?”

“घरचं म्हणजे?”

“काहीही. जेवलीस का, असं.”

त्याने घसा साफ केला. “जेवलीस का?” खोली दणाणली. अख्ख्या मैदानाला जेवणाचं विचारल्यासारखं वाटलं. तिला हसू फुटलं, मग त्यालाही.

“हळू. दमून घरी आलेला माणूस विचारतो तसं.”

त्याने पुन्हा विचारलं. या वेळी मैदान थोडं लहान होतं, एवढंच.

“नाही यायचं, ताई,” तो म्हणाला. “मला साहेब भोंग्यातूनच माहीत. आम्ही पुलापलीकडचे.”

पुलापलीकडच्यांना हाकला, असं बाबा भर सभेत पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा ती कॉलेजात होती. त्याच आठवड्यात तिकडची दुकानं जळली. घरी त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिनेही नाही. आता माफ करा म्हणावं, तर ते कुणाच्या वतीने, हे तिला ठरवता येईना.

“मग हे काम का घेतलंत?”

“मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणी केलं असतं. आणि वाईट केलं असतं.” त्याने मफलर सारखा केला. “साहेब होते तेव्हा नक्कल केली, म्हणून तुमच्या पोरांनी माझं स्टेज मोडलं होतं. आता तीच पोरं खुर्ची पुसून देतात. बसा म्हणतात.”

“आवाज शिकलात कुठे?”

“घरातच. सभा इकडे मैदानावर, पण भोंगे पुलाच्या तोंडाशी लावायचे. आम्हाला ऐकू यावं म्हणून. आम्ही खिडक्या लावून आत. धाकटी बहीण पांघरुणात शिरून रडायची. मग मी त्याच आवाजात तिच्याशी बोलायला लागलो. साहेबांचा हुकूम आहे, दूध पी. नाक पूस. हसायची वेडी.” त्याने दाराकडे पाहिलं. “आणि दिवा घालवला की…”

“की काय?”

त्याने माइकचं बटण बंद केलं. मान खाली घातली.

“झोप आता. मी आहे ना. कुणी येत नाही.”

तिच्यासमोर लहानपणीची एक रात्र आली. ती तापाने फणफणलेली असताना उशाशी बसलेले बाबा. तेव्हा ते काय बोलत होते, ते तिला आठवत नव्हतं. पण आवाज हाच. दुसरं कुणी ऐकत नसतानाचा.

“असंच,” ती म्हणाली. “असंच बोलायचे.”

नकलाकार घोटभर पाणी प्यायला. “बहीण परदेशात असते आता. दोन मुलांची आई झाली. तरी झोप लागली नाही की फोन करते मला. म्हणते, साहेबांना दे.”

“मी केला तर चालेल?” ती इतक्या पटकन बोलून गेली की तिचं तिलाच कळलं नाही. “फोन. रोज नाही. कधीतरी.”

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला चहाचे कप सांभाळत खांद्याने दार ढकलत होता.

“करा की,” नकलाकार म्हणाला. “पण हे वाक्य तिचं आहे, ताई. ते नाही देता यायचं. तुम्ही तुमचं सांगा. तुम्हाला काय म्हणायचे साहेब?”

तिने तोंड उघडलं. बाबांची वाक्यं एकामागून एक धावत आली. टाळ्या पडलेली, भिंतींवर रंगवलेली, कोर्टात वाचून दाखवलेली, सगळ्या शहराला पाठ असलेली. ती एकेक बाजूला सारत राहिली.

तो घाई करत नव्हता. मान खाली घालून, बंद माइकपाशी ओठ नेऊन, तो थांबला होता.