परका दाणा

मुलांनो, असं समजा की तुमच्या ओंजळीत एक जिवंत कबूतर आहे. पांढरंशुभ्र, मानेवर राखी ठिपके, पायात पितळेची बारीक कडी. ते फडफडत नाही, चोच मारत नाही. त्याचं काळीज तुमच्या तळव्याला लागतंय, अगदी संथ, कारण त्याला तुमची भीती वाटत नाही. आलं डोळ्यांसमोर? मग आता तुम्ही म्हणजे तुळजा. वय वर्षे नऊ. जवळच्याच पूर्णा गावातून भर उन्हात अनवाणी निघालेली ती आत्ताच भिवंडीला, धामणकर नाक्यावर, दौलतशेठच्या गच्चीवर येऊन पोचली आहे. खाली शेठच्या लूमचा खडखडाट चाललाय, आणि वर त्याची कबुतरांची ढाबळ.

चार दिवसांपूर्वी ही मादी तुळजाच्या कौलांवरून घरंगळत अंगणात पडली होती. ससाण्यानं पाठलाग केला असावा. चोच वासलेली, पंख लोंबलेले. तो दुष्काळाचा उन्हाळा. रेशनवर ज्वारीऐवजी लाल मिलो मिळायचा, तोही मोजून. तुळजानं डब्यातून चिमूटभर दाणे काढले, तशी आई गुणाबाई म्हणाली, "घाल खुशाल. पण भाकर तुझी अर्धी हां, माझी न्हाय." असं म्हणाली, आणि स्वतःच करवंटीत पाणी आणून ठेवलं. तहानेल्याला पाणी पाजावं, हे तुळजाला तिनंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मादीचा नर तिला शोधत आला. त्याच्याही पायात तशीच कडी. तोही उपाशी. तुळजाची भाकर आणखी चतकोर कमी झाली. तिसऱ्या दिवशी दोघं तिच्या तळहातावरून दाणे टिपायला लागली. तिला ती ठेवून घ्यावीशी वाटत होती. पण लूमवर ड्युटीला जाणारा शेजारचा रघूकाका कडी बघून म्हणाला, "ही दौलतशेठची पाखरं. जीव तुटत असंल त्याचा." मग तुळजाला रात्रभर चैन पडेना. दोन्ही एकदम धरून नेता येईनात, म्हणून तिनं आधी मादीला उचललं. नराला दुसऱ्या खेपेला न्यायचं ठरवलं.

"अरे वा!" दौलतशेठनं मादीला अलगद हातात घेतलं. "कोणाची गो तू?"

"सावळारामची. पूर्णा गावची."

"आणि चालत आलीस? एवढ्या उन्हाची? किती दिस व्हती तुझ्याकडं?"

"चार."

"उपाशीच ठेवलीस ना?"

तुळजाला राग आला. "उपाशी कशाला ठेवीन? रोज दाणे घातले. पाणी पाजलं. आता माझ्या हातावर येते ती."

शेठचा चेहरा उतरला. त्यानं मादीच्या गळ्याखालची पिशवी अंगठ्यानं हळूच चाचपली. "बाजरी न्हाय ही. मिलो काय गो?"

"हो," तुळजा अभिमानानं म्हणाली. "माझ्या वाटचा."

शेठनं मादीची मान पिरगळली. दोरा तुटावा एवढाच आवाज झाला. तुळजाला वाटलं, तो तिला काही दाखवतोय. मग मान एका बाजूला लोंबली, आणि शेठनं मादीला कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं.

"रडू नको," तो तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. "ढाबळीचा कायदाच हाय तसा. आम्ही पाखरू उपाशी उडवतो. दाण्याच्या ओढीनं ते घरला येतं. परका दाणा एकदा खाल्ला, की ते आपलं राहत न्हाय. परत उडवलं तर तुझ्या कौलावर जाऊन बसंल, आणि संगती माझी धा पाखरं नेईल."

"ती मेली असती, शेठ. तहानेनं मेली असती."

"मेली असती तर मी रडलो असतो गो." त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मऊ होता, आणि अजून ऊबदार होता. "बरं, हिचा नर कुठं दिसला काय? तोबी गायब हाय."

"न्हाय," तुळजा म्हणाली.

"उद्या येतो मी तुमच्या गावात. एकेक कौल बघतो."

तुळजा पळत सुटली. घामानं निथळत अंगणात शिरली, तर नर आढ्यावर बसलेला. तिला बघताच तो खाली उतरला आणि तिच्या पायाशी घुमू लागला.

"जा!" ती ओरडली. टाळ्या वाजवल्या. केरसुणी आपटली. तो उडाला, आंब्याला एक घिरटी घातली आणि परत आला. तिनं दगड उचलून त्याच्या बाजूला, मुद्दाम लांब, फेकला. तो दचकला. वीतभर उडाला. मग तुरुतुरु चालत आणखी जवळ आला आणि मान वाकडी करून तिच्या मुठीकडे बघू लागला.

तुळजानं दुसरा दगड उचलला, आणि या खेपेला नेम धरला.